‘ऐजन’ न लिहिणारा लेखनिक

वर्तमानपत्रातल्या कुठल्याही समारंभाच्या बातमीचं शेवटचं वाक्य वाचकाला पाठ असतं: अमुक, तमुक ‘आदी मान्यवर उपस्थित होते’. त्या ‘आदी’च्या पोटात किती माणसं गेली, हे बातमी देणाराही सांगू शकत नाही. कचेरीच्या नोंदवहीत याच ‘आदी’चा सख्खा भाऊ राहतो, त्याचं नाव ‘ऐजन’. पहिल्या ओळीत सगळा तपशील, खाली ऐजन, ऐजन, ऐजन. आणि तिसरं भावंड देवळाच्या पायरीशी संगमरवरात कोरलेलं दिसतं. एक लाख एक देणाऱ्याचं नाव सर्वांत वर, बोटभर जाडीच्या अक्षरांत. त्याखाली एकावन्न हजारवाले जरा बारीक, अकरा हजारवाले आणखी बारीक. आणि अगदी तळाशी, जिथे झाडलोट करताना पाणी उडतं तिथे, ‘व इतर ज्ञात-अज्ञात भाविक’. आपल्या सार्वजनिक उपासनेचं सगळं मानशास्त्र या तीन शब्दांत मावतं. मान म्हणजे पुढे असणं, मोठं दिसणं आणि उरलेल्यांना एका शब्दात गुंडाळता येणं. या समजुतीला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखनिकाने दिलेलं उत्तर बायबलच्या जुन्या करारात, ‘गणना’ या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. बारा वंशप्रमुखांनी एकसारखीच अर्पणं आणली असतानाही त्याने एकदाही ‘ऐजन’ लिहिलं नाही. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या अध्यायात मानाची एक वेगळी व्याख्या आहे आणि ती आज पुण्याच्या कामाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

प्रसंग असा. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक रानात आहेत. देवासाठी उभारलेला तंबू, ज्याला मराठी बायबल ‘निवासमंडप’ म्हणतं, तो पुरा झाला आहे आणि मोशेने त्याला अभिषेक केला आहे. वेदीच्या प्रतिष्ठापनेसाठी बारा वंशांचे बारा प्रमुख पुढे येतात. आधी सगळे मिळून सहा छत असलेल्या गाड्या आणि बारा बैल देतात: दोघांत एक गाडी, प्रत्येकाचा एक बैल. मग रोज एक याप्रमाणे बारा दिवस एकेक प्रमुख आपलं अर्पण आणतो. प्रत्येकाचं अर्पण असं: १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट आणि ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, दोन्ही तेलात मळलेल्या सपिटाने भरलेले, धूपाने भरलेलं १० शेकेलांचं सोन्याचं पात्र, होमबलीसाठी एक गोऱ्हा, एक मेंढा आणि वर्षाचं एक कोकरू, पापबलीसाठी एक बकरा, शांत्यर्पणासाठी दोन बैल, पाच मेंढे, पाच बकरे आणि पाच कोकरं. उत्खननात सापडलेल्या यहूदी वजनांवरून शेकेल सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आपला जुना तोळाच जवळजवळ. तेव्हा डोळ्यांपुढे आणायला सोपं आहे: एकशे तीस तोळ्यांचं चांदीचं ताट, सत्तर तोळ्यांचा कटोरा, दहा तोळ्यांचं सोन्याचं धूपपात्र आणि मागे दावणीला एकवीस जनावरं. देवापुढे ठेवायचा हा ऐवज चांगला घसघशीत आहे, पण तो बाराही जणांचा सारखा आहे. गोऱ्ह्याचा गोऱ्हा आणि तोळ्याचा तोळा.

आता लेखनाची रीत पाहा. पहिल्या दिवशीचा तपशील लिहून ‘बाकीच्या अकरा जणांनीही याचप्रमाणे आणले’ असं एक वाक्य टाकलं असतं तरी काही बिघडलं नसतं. लेखनिकाने तसं केलं नाही. ताट, कटोरा, धूपपात्र, गोऱ्हा, मेंढा, कोकरू, बकरा हा सगळा पाढा त्याने बारा वेळा पूर्ण म्हटला, प्रत्येक वेळी आरंभी आणि शेवटी त्या प्रमुखाचं नाव बापाच्या नावासकट घेतलं. त्यामुळे हा अध्याय ८९ ओव्यांएवढा लांबला आणि मोशेच्या पाच ग्रंथांतला सर्वांत मोठा अध्याय ठरला. गंमत म्हणजे शेवटी एकूण बेरीजही दिली आहे: १२ ताटं, १२ कटोरे, १२ धूपपात्रं, २४०० शेकेल चांदी, १२० शेकेल सोनं. म्हणजे हिशेब थोडक्यात कसा मांडायचा हे लेखनिकाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने तो आधी थोडक्यात मांडला नाही. तेराव्या शतकातला स्पेनमधला भाष्यकार रांबान याने याचं कारण सरळ दिलं आहे. पहिल्याचं अर्पण तपशीलवार सांगून बाकीच्यांना ‘तसंच’ म्हणणं म्हणजे त्यांचा मान तोकडा करणं. म्हणून प्रत्येकाला त्याच्या दिवशी त्याची पूर्ण नोंद मिळाली. त्याआधीच्या मिद्राश या भाष्यपरंपरेने आणखी पुढची उडी घेतली. अर्पणं सारखी असली तरी देणाऱ्याच्या मनातला अर्थ सारखा नव्हता, असं ती सांगते. तेच ताट यहूदाने राजसत्तेच्या आठवणीने आणलं, इस्साखाराने शास्त्राभ्यासाच्या आणि जबुलूनाने दर्यावरच्या व्यापाराच्या. वस्तू एकच, पण बारा मनांतून आलेली. मग ‘ऐजन’ लिहिणं नुसतं तोकडं झालं नसतं, खोटं झालं असतं.

या समानतेची किंमत कळायला आधीच्या अध्यायांतली शिरगणती पाहावी लागते. त्याच ग्रंथाच्या आरंभी लढाऊ पुरुषांची मोजणी आहे. यहूदाचे ७४,६०० आणि मनश्शेचे ३२,२०० भरले. दुपटीहून अधिक अंतर. तरी ताट दोघांचंही १३० शेकेलांचं. क्रम मात्र आहे आणि तो ठरलेला आहे: छावणीत जो ज्या दिशेला उतरायचा त्या हिशेबाने आधी पूर्वेचे तीन वंश, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे, शेवटी उत्तरेचे. वंशांच्या मूळपुरुषांत थोरला रऊबेन, पण त्याच्या वंशाचा दिवस चौथा. पहिला दिवस यहूदाचा, त्याच्या नहशोनाचा. या पहिल्या माणसाच्या नोंदीत दोन बारीक गोष्टी आहेत. उरलेल्या अकरा जणांच्या नावापुढे ‘प्रमुख’ ही पदवी लावली आहे. नहशोनाच्या नावापुढे ती नाही, तो नुसता अम्मीनादाबाचा मुलगा, यहूदा वंशातला. आणि अर्पणाचा तपशील इतरांच्या नोंदीत ‘त्याचं अर्पण’ असा सुरू होतो, नहशोनाच्या नोंदीत मात्र हिब्रूत ‘आणि त्याचं अर्पण’ असा. जो सर्वांत आधी आला, त्याच्याच ओळीत ‘आणि’. जणू त्याच्याही आधी कोणी येऊन गेलं आहे. जुन्या यहुदी टीकाकारांनी याचा अर्थ असा लावला की पहिला आलो म्हणून त्याने ताठू नये. व्याकरणाचा हा बारकावा मुद्दाम केला की सहज पडला, यावर वाद घालता येईल. परंतु ज्या परंपरेने तो टिपून ठेवला तिला काय शिकवायचं होतं, याबद्दल वाद नाही: रांगेत कुणीतरी पहिला असणारच, पण पहिला असणं ही पदवी नव्हे.

हा अध्याय पुण्याला परका नाही. हनुक्काच्या सणात तो दिवसाला थोडा थोडा यहुदी प्रार्थनास्थळांत वाचला जातो आणि पुण्यात अशी दोन प्रार्थनास्थळं आहेत: लष्कर भागातलं लाल विटांचं ओहेल डेव्हिड, ज्याला सगळं शहर ‘लाल देऊळ’ म्हणतं, आणि रास्ता पेठेतलं बेने इस्रायल समाजाचं सुक्कथ शेलोमो. बेने इस्रायल म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले मराठी यहुदी. वल्हांडणाच्या रात्री वाचायची त्यांची हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यातच छापली गेली. त्यांच्या समाजव्यवस्थेतले शब्द पाहा: पंचांचा प्रमुख ‘मुकादम’, त्याच्या जोडीला ‘चौगुला’. हे शब्द मराठी गावगाड्यातून उचललेले आहेत. आणि नवस फेडताना किंवा लग्नकार्यात ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने जे ताट मांडतात त्याला म्हणतात ‘मलिदा’: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वर सुका मेवा आणि कडेने फळं. प्राचीन मंदिरातल्या अन्नार्पणाची ही दूरची आठवण असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. ते खरं असो वा नसो, तेलात मळलेल्या सपिटाचं ताट आणि खोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट यांत एक नातं उघड दिसतं. दोन्ही ताटांत घरात रोज लागणारं अन्नच आहे, आणि ते देवापुढे ठेवलं की कुणाच्या घरचं जास्त भारी हा प्रश्न संपावा अशी अपेक्षा आहे.

तो प्रश्न आपल्याकडे मात्र कधी संपला नाही. ज्या गावगाड्यातून मुकादम आणि चौगुला हे शब्द आले, त्यात मान ही वतनासारखीच वाटून, विकून आणि भांडून घ्यायची मिळकत होती. पाटीलकीची वाटणी झाली की जमिनीबरोबर मानपानाचीही वाटणी व्हायची. होळीत पहिली पोळी कुणाची पडायची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा निघायचा, विडा आणि टिळा आधी कुणाला, वाजंत्री आधी कुणाच्या दारी, हे कागदावर उतरायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ वाचणाऱ्याला या मानपानाचं ओझं गावावर कसं बसलं होतं ते ठाऊक आहे. या कागदांची आणि त्या अध्यायाची तुलना मोठी बोलकी आहे. दोन्हीकडे यादी आहे, दोन्हीकडे उपासनेचा प्रसंग आहे, दोन्हीकडे वंशाचा प्रमुख आहे. पण वतनाच्या कागदात यादी केली जाते ती एकाला दुसऱ्याहून वेगळं काढण्यासाठी, आणि ‘गणना’मध्ये यादी केली जाते ती एकही जण दुसऱ्याहून कमी भरू नये यासाठी. आपल्याकडे ‘आधी’ या शब्दातच मान होता. तिथे ‘आधी’ हा केवळ वार होता. मान ‘पूर्ण’ या शब्दात होता.

पुण्याच्या गणेश विसर्जनाकडे या नजरेने पाहिलं तर काय दिसतं? कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती. त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडावा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. कसबा गणपती ग्रामदैवत, जोगेश्वरी ग्रामदेवता, त्यांना पुढे ठेवण्यात शहराची स्वतःची आठवण आहे. लोकमान्यांच्या केसरीवाड्याचा गणपती या पाचांत शेवटचा आहे. उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्याच्या वाड्यातला गणपती पाचवा, ही गोष्ट नहशोनाच्या नावापुढची पदवी गाळण्याइतकीच शिकवणारी आहे, पण तिचा उल्लेख क्वचितच होतो. आपण लक्षात ठेवला तो फक्त क्रम. मग या पाचांनंतर कुणी, लक्ष्मी रस्त्यावर कुणी कधी यायचं, कुणी किती वेळ चौकात थांबायचं, यावर दरवर्षी बैठका होतात. २०२२ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. सकाळी टिळक पुतळ्यापासून निघालेल्या पहिल्या गणपतीचा प्रत्येक क्षण कॅमेऱ्यात येतो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, रात्रभर जागलेल्या दहा-पंधरा पोरांनी ओढत आणलेल्या एखाद्या पेठेतल्या लहान मंडळाची नोंद होते ती ‘अन्य मंडळे’ म्हणून. त्यांचा बाराव्या दिवसाचा प्रमुख आणि त्याचं ताट कुणी लिहून घेत नाही.

यावर पहिला आक्षेप विद्वानांचा येईल. हा अध्याय म्हणजे मंदिराच्या कोठीची वही आहे, त्यात मानाची शिकवण कसली शोधता? हा आक्षेप हवेतला नाही. बारूक लेव्हाइन या अभ्यासकाने १९६५ मध्ये दाखवून दिलं की या अध्यायाची घडण प्राचीन पश्चिम आशियातल्या मंदिरांच्या जमाखर्चासारखी आहे: आधी वस्तू, मग संख्या, ‘चांदीचं ताट, एक’ अशी. मान्य. पण साचा वहीचा असला म्हणून वापरही वहीचाच असतो असं नाही. कोठीच्या वहीचं पहिलं काम जागा वाचवणं आणि बेरीज देणं. इथे बेरीज शेवटी आहेच. मग आधीची बारा पानं कशासाठी? ज्याला पेशवे दफ्तरातली रोजकीर्द माहीत आहे त्याला हे चटकन कळेल, की सारख्या रकमा बारा वेळा सविस्तर लिहिणारा कारकून एक तर नवखा असतो, नाही तर त्याला हिशेबापलीकडचं काही सांगायचं असतं. हा लेखनिक नवखा नव्हता. त्याने वहीचा साचा घेतला आणि त्यात वहीला न परवडणारी गोष्ट केली.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. रानात भटकणाऱ्या लोकांकडे इतकी चांदी, इतकी जनावरं आणि सहा छपरी गाड्या कुठून आल्या? बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात की हा मजकूर पुष्कळ नंतर, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकाच्या आसपास, पुरोहितवर्गाने घडवला. तसं असेल तर माझा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट त्याला धार येते. इसवी सनपूर्व ७२२ मध्ये अश्शूरांनी उत्तरेचं राज्य बुडवलं आणि त्या भागातले वंश इतिहासातून पुसले गेले. दान, आशेर, नफताली यांचे कुणी प्रमुख तेव्हा उरले नव्हते, ताट आणायला माणूस नव्हता आणि मान मागायलाही नव्हता. तरी लेखनिकाने त्यांची पानं आखडती घेतली नाहीत. जो उभा आहे, ज्याच्याकडे मतं आहेत, ज्याचा दबाव आहे त्याला पूर्ण नोंद देणं कुणालाही जमतं. जो आता बोलूही शकत नाही त्याला पूर्ण नोंद देणं हे मानाचं खरं माप. घटना घडली तशी लिहिली असेल तर ती समानतेची आठवण आहे. रचलेली असेल तर तो समानतेचा ठराव आहे. दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, कारण तो न्यायाच्या बाजूने येतो. ७४,६०० च्या वंशाला आणि ३२,२०० च्या वंशाला एकच ताट लावणं ही समानता की लहानावर दुप्पट बोजा? सरसकट सारखी वर्गणी ही नेहमी गरिबाला जड जाते, हे कुठल्याही सोसायटीच्या सभेत बसलेल्या माणसाला माहीत असतं. पण आकडे मांडून पाहा. दोनशे शेकेल चांदी मनश्शेच्या ३२,२०० जणांत वाटली तर माणशी शेकेलाचा दीडशेवा हिस्साही येत नाही. रक्कम मुद्दामच अशी ठेवली आहे की लहानात लहान वंशालाही ती झेपावी आणि मोठ्यात मोठ्यालाही ती वाढवायला वाव नसावा. रोजच्या चरितार्थातून द्यायचा दशमांश वेगळा. तो ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात. याच अध्यायात दुसरीही खूण आहे. गोळा झालेल्या गाड्या मंडप वाहून नेणाऱ्या लेवी वंशाच्या तीन घराण्यांत वाटताना मोशेने समानता बाजूला ठेवली. मंडपाचे पडदे वाहणाऱ्या गेर्षोनांना दोन गाड्या, जड फळ्या आणि खांब वाहणाऱ्या मरारींना चार, आणि पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या म्हणून कहाथींना एकही नाही. मान सारखा, वाटप गरजेप्रमाणे. हे दोन नियम वेगवेगळे ठेवण्याचं तारतम्य त्या लेखनिकाला होतं. आपण नेमकं उलटं करतो: सोय सर्वांना सारखी असल्याचं दाखवतो आणि मान ऐपतीप्रमाणे वाटतो.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. ही समानता बारा प्रमुखांपुरतीच आहे. यहूदाच्या ७४,६०० पुरुषांपैकी अध्यायात नाव एकाचंच येतं. बायकांचं तर एकीचंही नाही. म्हणजे ‘आदी’ हटला नाही, एक पायरी खाली सरकला. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेत यावरचा उतारा सापडतो. ‘निर्गम’ ग्रंथात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही, असा स्पष्ट नियम आहे. म्हणजे प्रमुखांना लावलेलं सूत्र सामान्य माणसालाही लावलेलं होतं. जिथे ते थांबलं तिथून पुढे नेणं हे आपलं काम. प्राचीन ग्रंथाकडून वाट घ्यायची असते, मुक्काम नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा, आणि विश्वस्त मंडळींच्या बैठकीत तोच सर्वांत वजनदार ठरतो. मोठ्या देणगीदाराचं नाव वर, मोठ्या अक्षरात लावलं नाही तर तो देईल कशाला? पुण्यातच डेव्हिड ससूनसारख्या एका माणसाच्या दानातून लाल देऊळ उभं राहिलं, ससून रुग्णालयालाही त्याच घराण्याचं नाव आहे. सारखी ताटं मागत बसलो असतो तर हे झालं असतं का? याचं उत्तर मोठ्या दानाला नाकारण्यात नाही. निवासमंडप बांधतानाही लोकांनी आपल्या खुशीने दिलं, सोनं, तांबं, सूत, कातडी, जे ज्याच्याकडे होतं ते. इतकं आलं की कारागीर मोशेकडे गेले आणि आता पुरे झालं, लोकांना थांबवा, असं त्यांना सांगावं लागलं. मात्र त्या साऱ्या कमी-जास्त दानांत देणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नावं येतात ती पुढे, प्रतिष्ठापनेच्या वेळी, जिथे प्रत्येकाचं अर्पण सारखं आहे. या दोन प्रसंगांची सांगड मला फार महत्त्वाची वाटते. जिथे दान मोठं-लहान आहे तिथे नाव नाही. जिथे नाव आहे तिथे दान सारखं आहे. मोठ्या दानाला जागा आहे, त्याच्या पावतीलाही आहे. पण देवाच्या दारातली ओळ त्याने विकत घ्यायची नाही. आणि नाव झाकलं तर लोक देणार नाहीत ही भीती तरी किती खरी? दानपेटीत पडणाऱ्या नोटेवर कुणाचं नाव असतं?

आपल्या मातीतही या विचाराची साक्ष आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे आणि रथामागे चालणाऱ्या दिंड्यांना क्रमांक आहेत, ते कडक पाळले जातात आणि त्यावरून कुरबुरीही होतात. पण त्याच वाटेवर वारकरी समोरच्या वारकऱ्याच्या पाया पडतो, आणि ज्याच्या पाया पडला तोही खाली वाकतो. क्रमांक रस्ता मोकळा ठेवण्यासाठी, नमस्कार माणसासाठी. या दोहोंची गल्लत करायची नाही, एवढंच शहाणपण हवं. ते आणायला धर्मशास्त्र बदलावं लागत नाही, तीन साध्या गोष्टी पुरतात. देवस्थानांनी फलकावर नावं लावायचीच तर सगळी एका मापाच्या अक्षरांत, अकारविल्हे लावावीत. रकमा लेखापरीक्षणाच्या अहवालात छापाव्यात, तिथे त्यांची खरी जागा आहे. गणेशोत्सवाची नोंद ठेवणाऱ्यांनी पाच मानाच्या गणपतींना जेवढं दिलं तेवढं एक पान शेवटच्या मंडळालाही द्यावं: नाव, पेठ, स्थापनेचं वर्ष, मूर्ती कुणी घडवली, ढोल कुणी वाजवला. आणि आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी ‘आदी’ हा शब्द लिहिण्याआधी उरलेली नावं विचारून घ्यावीत. जागा पुरत नाही ही सबब त्या लेखनिकाकडेही होती. त्याच्याकडे तर कातड्याच्या गुंडाळ्या होत्या आणि त्या कागदाहून पुष्कळ महाग होत्या. तरी बाराव्या दिवशी नफतालीच्या वंशातला, एनानाचा मुलगा अहीरा जेव्हा ताट घेऊन आला, तेव्हा त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लिहिलं: चांदीचं ताट एक, वजन एकशे तीस शेकेल.